कोशाचें पहिलें वाक्य



प्राथमिक शाळेंत तीस-बत्तीस वर्षें मीं मराठी शिकविलें. तेवढ्या काळांत "गाय" या विषयावरचा निबंध मीं किती वेळां तपासला असेल, याची गणती माझ्यापाशीं नाहीं. त्या सर्व निबंधांचें पहिलें वाक्य मात्र ठरलेलें असे: गाय हा एक उपयुक्त पाळीव प्राणी आहे. मुलें तें वाक्य लिहीत, मी त्यापुढें बरोबरची खूण करीत असें आणि उभयपक्षीं समाधान होई. आतां साठी उलटून गेल्यावर त्या खुणेची मला थोडी लाज वाटते. "गाय" हा शब्द बोटानें झांकून तें वाक्य वाचून पाहा. तें म्हशीला लागतें, घोड्याला लागतें, दारांत राखणीला बसलेल्या कुत्र्यालाही लागतें. ज्यानें गाय पाहिली आहे त्याला त्या वाक्यापासून नवें कांहीं मिळत नाहीं. ज्यानें पाहिली नाहीं त्याच्या डोळ्यांपुढें गाय उभी राहत नाहीं.

शिकवितांना ही गोष्ट माझ्या कधींच ध्यानांत आली नाहीं. ती आली निवृत्तीनंतर, आणि तीही एका गवळ्यामुळें.

झालें असें कीं, आमच्या गांवच्या वाचनालयानें मुलांकरितां एक छोटासा कोश करावयाचें मनांत घेतलें. दहा-बारा जणांत विषय वांटले गेले आणि माझ्या वांट्यास चाळीस नोंदी आल्या. मी मॅट्रिक झालेला मास्तर, पंडित नव्हे. परंतु एकेका विषयावर वीस ओळी लिहिणें हें काम मला महिन्या-दीड महिन्याचें वाटलें. यादींतील पहिला विषय होता घटसर्प. मीं आरंभ केला तो असा: "घटसर्प हा एक अत्यंत भयंकर रोग असून पूर्वीच्या काळीं त्यानें अनेक घरें ओसाड केलीं." वाक्य मला ठसकेबाज वाटलें आणि कच्चा मसुदा मीं वाचनालयाच्या टेबलावर ठेवून दिला. दूध घालून परत जातांना आमचा गवळी तेथें वर्तमानपत्र चाळावयास बसत असतो. त्यानें तो कागद वाचला व मला विचारलें, "गुरुजी, ह्यो म्हशीचा घटसर्प का लेकराचा?"

मीं हंसून सांगितलें, "लेकराचा."

"मग आमाला भ्या न्हाई," तो म्हणाला. "पावसाळ्याआदी समद्या म्हशी टोचून घेतल्यात."

माझें हंसूं तोंडांतल्या तोंडांत राहिलें. त्या गृहस्थाच्या घरीं चार महिन्यांचें नातवंड होतें, आणि त्याला कोणत्या लसी दिल्या, किती दिल्या, हें त्याला नक्की सांगतां येईना. वस्तुस्थिति अशी आहे कीं, मराठींत घटसर्प या एकाच नांवाचे दोन रोग आहेत. एक गाई-म्हशींना होतो. त्याचा जंतु पाश्चरेला मल्टोसिडा हा होय. दुसरा मनुष्याला, विशेषतः लहान मुलांना होतो. त्यालाच डिप्थेरिया म्हणतात व त्याचा जंतु कॉरिनेबॅक्टेरियम डिप्थेरी हा आहे. दोन्हींत घसा धरतो, एवढेंच काय तें साम्य. एकाची लस दुसऱ्याला उपयोगी नाहीं. शिवाय नांवांत सर्प आहे, पण सापाशीं दोहोंपैकीं कोणाचाच संबंध नाहीं. माझ्या ठसकेबाज वाक्यानें यांपैकीं कांहीं एक सांगितलें नव्हतें. "भयंकर" हा शब्द प्लेगलाही लागतो आणि घरें ओसाड पटकीनेंही केलीं. गाईच्या निबंधांतील मुलानें जें केलें, तेंच मीं केलें होतें. फरक इतकाच कीं, गाय कळली नाहीं म्हणून कोणाचें बिघडत नाहीं.

त्या एका वाक्यापाशीं माझे चार दिवस मोडले. त्या चार दिवसांत जें थोडें कळलें तें आज आपणांस सांगावयाचें आहे.

आपल्याकडील नैयायिकांनीं या दुखण्याचें निदान फार पूर्वीं करून ठेवलें आहे, आणि मौज अशी कीं, त्यांनींही उदाहरणाला गायच घेतली. एखाद्या वस्तूचें लक्षण सांगतांना तीन दोष संभवतात. कपिल वर्णाची ती गाय असें म्हटलें तर पांढरी व काळी गाय बाहेर राहिली, ही अव्याप्ति. जिला शिंगें ती गाय असें म्हटलें तर म्हैस आंत शिरली, ही अतिव्याप्ति. जिचा खूर एकसंध ती गाय असें म्हटलें तर एकही गाय सांपडणार नाहीं, कारण गाईचा खूर दुभंगलेला असतो, हा असंभव. हे तिन्ही टाळून त्यांनीं गाईचें लक्षण ठरविलें तें गळ्याखालीं लोंबणारी कातड्याची घडी. (युरोपांतील गाईंची ही घडी आपल्या गाईंइतकी मोठी नसते, पण तो वाद आपण पंडितांवर सोडूं.)

तर्काच्या दृष्टीनें हें लक्षण चोख आहे. तरी माझें मत असें कीं, कोशाच्या पहिल्या वाक्यास तेवढ्यानें भागत नाहीं. लक्षणाचें काम वेगळें काढण्याचें; गाईंच्या कळपांत म्हैस शिरली तर तिला बाहेर काढतां आलें कीं लक्षणाचें काम संपलें. कोशाच्या वाक्याला वेगळें तर काढावयाचें असतेंच, परंतु ओळखही करून द्यावयाची असते. परगांवच्या पाहुण्याला घरांतील माणसाची ओळख करून देतांना आपण "याच्या उजव्या गालावर तीळ आहे" असें म्हणत नाहीं, जरी तो तीळ घरांत दुसऱ्या कोणालाही नसला तरी. "हा माझा धाकटा भाऊ, साताऱ्यास वकिली करतो" असें म्हणतों. आधीं नातें, मग वैशिष्ट्य. वस्तूची जाति सांगावयाची ती अगदीं जवळची सांगावी. "आंबा हें एक प्रकारचें फळ आहे" या वाक्यांतील "एक प्रकारचें" हे दोन शब्द म्हणजे लेखकाच्या आळसाची पावती होय. कोणत्या प्रकारचें, तेंच तर वाचक विचारीत असतो.

आणखी एक खड्डा आहे तो आत्माश्रयाचा. गाईच्या वाक्यावर मीं पुन्हा हात चालविला आणि मोठ्या ऐटींत लिहिलें: "गाय ही गोवंशांतील मादी होय." दुसऱ्या दिवशीं सकाळीं ध्यानांत आलें कीं गोवंश म्हणजे गाईचाच वंश! जो शब्द समजावयाचा तोच संस्कृताचें उपरणें घालून पुन्हा दारांत उभा. आपल्या भाषेंत हा धोका विशेष आहे, कारण कोणत्याही मराठी शब्दाला एक भारदस्त संस्कृत प्रतिशब्द मिळतो आणि तो लिहिला म्हणजे व्याख्या केली असा भास होतो.

आतां मी ज्या अडचणीविषयीं बोलणार आहें ती केवळ आपली आहे. इंग्रजींत लिहिणाराला ती पडत नाहीं. इंग्रजी वाक्यांत वस्तूचें नांव येतें, लगेच क्रियापद येतें, त्याच्या पाठोपाठ जाति येते आणि मग विशेषणांची वरात कितीही लांब असली तरी चालते. नवरदेव पुढें गेलेला असतो. मराठींत नवरदेव वरातीच्या शेवटीं. सर्व विशेषणें आधीं, मग नाम, मग "आहे." आमच्या कोशांतील लोणार सरोवराच्या नोंदीचें पहिलें वाक्य माझ्या एका सहकाऱ्यानें असें आणलें होतें: "लोणार हें महाराष्ट्रांतील बुलढाणा जिल्ह्यांत असलेलें, प्राचीन मंदिरांनीं वेढलेलें, पुराणांत वर्णिलेलें, निसर्गसौंदर्यानें नटलेलें, देशोदेशींच्या शास्त्रज्ञांचें लक्ष वेधून घेणारें, खाऱ्या पाण्याचें, उल्का पडून झालेलें सरोवर आहे." मोठ्यानें वाचून पाहा, "सरोवर" या शब्दापर्यंत येईतों श्वास पुरत नाहीं आणि लोणार हें गांव कीं देऊळ कीं डोंगर, याचा तोंवर पत्ता लागत नाहीं. एक "हें" तेवढें वाचकाच्या मदतीला येतें. "हें" म्हटलें कीं पुढें नपुंसकलिंगी कांहींतरी येणार, "हा" म्हटलें कीं पुल्लिंगी. ही आपल्या भाषेची छोटीशी कृपा आहे. पण तिच्यावर किती भार टाकावा?

यावर दोन उपाय आहेत. एक उपाय मराठी विश्वकोशानें केलेला आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखालीं वाईस सिद्ध होऊं लागलेल्या या कोशाचा पहिला खंड १९७६ सालीं निघाला आणि विसावा २०१५ सालीं. त्यांत मथळा देतात, दोन टिंबें देतात आणि "आहे", "होय" यांवांचून थेट वर्णनास आरंभ करतात. त्यामुळें निदान दोन शब्द वांचतात आणि वाक्य आटोपशीर राहतें. दुसरा उपाय साधा आहे: नामापूर्वीं दोन, फार तर तीन विशेषणें ठेवावयाचीं आणि उरलेलीं दुसऱ्या वाक्याकडे पाठवावयाचीं. तिसराही एक मार्ग लोक वापरतात, तो म्हणजे "असून". "लोणार हें सरोवर असून तें बुलढाणा जिल्ह्यांत असून तेथें मंदिरें असून…" माझ्या स्वतःच्या पहिल्या वाक्यांतही तें "असून" होतेंच. हा शब्द म्हणजे शिंप्याचा टाका. कोणतेंही कापड कोणत्याही कापडाला जोडतो. ज्या दोन गोष्टींचा एकमेकींशीं संबंध नाहीं त्यांचा तो आहेसें भासवितो.

लोणारची गोष्ट निघालीच आहे तर थोडी पुढें नेतों, कारण विशेषणांपैकीं कोणतें ठेवावें हा प्रश्न तेथें फार चांगला कळतो. मंदिरें पुष्कळ सरोवरांकांठीं आहेत. खारें पाणीही अन्यत्र आढळतें. सुमारें पावणेदोन किलोमीटर रुंदीचें तें वर्तुळाकार विवर बसाल्ट खडकांत, आकाशांतून आलेल्या अशनीच्या आघातानें झालेलें आहे, ही गोष्ट मात्र पृथ्वीवर अतिशय दुर्मिळ आहे. म्हणून पहिल्या वाक्यांत तिचा मान पहिला. पूर्वीं तें ज्वालामुखीचें मुख असावें असें पुष्कळांस वाटे. १९७३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें, आघातावांचून उत्पन्न न होणाऱ्या खुणा तेथील खडकांत दाखवून, हा वाद मिटविला. आतां विवराचें वय. कोणी पन्नास हजार वर्षांच्या आसपास सांगतात, कोणी सुमारें पांच लाख सत्तर हजार. ज्या आंकड्यांत दसपटीहून अधिक अंतर आहे तो आंकडा पहिल्या वाक्यांत घालूं नये. तो मतभेदासह खालीं सांगावा. आम्हीं शेवटीं लिहिलें: "लोणार सरोवर हें बुलढाणा जिल्ह्यांतील, अशनीच्या आघातानें बसाल्ट खडकांत झालेल्या विवराचें खारें सरोवर आहे." सहकाऱ्यास निसर्गसौंदर्य गेल्याचें दुःख झालें. तें त्यांना पांचव्या ओळींत परत दिलें.

माणसांच्या नोंदी याहून अवघड. आपल्याला ज्यांच्याविषयीं आदर आहे त्यांचें नांव घेतांच हात आपोआप "थोर", "महान", "प्रातःस्मरणीय" लिहूं लागतो. हे शब्द खोटे असतात असें माझें म्हणणें नाहीं. परंतु ज्याला त्या व्यक्तीची माहिती नाहीं, त्याला थोर म्हणजे काय करणारा हें कळत नाहीं. आणि ज्याला माहिती आहे त्याला तें सांगावयाची गरज नाहीं. मराठींत याहून सूक्ष्म असा एक पक्षपात क्रियापदांतून डोकावतो. इतिहासांतील जो पुरुष आपल्याला प्रिय तो "होते", जो अप्रिय तो "होता". कोशकारानें कांहीं न बोलतां मत देऊन टाकलेलें असतें. विश्वकोशाच्या क्रियापद गाळण्याच्या रीतीचा हा दुसरा फायदा मला उशिरा कळला.

उदाहरणाला ज्यांनीं या विषयांत आपल्याला वाट दाखविली त्यांनाच घेऊं. श्रीधर व्यंकटेश केतकर कॉर्नेल विद्यापीठाचे डॉक्टर होते, समाजशास्त्रज्ञ होते, त्यांनीं कादंबऱ्या लिहिल्या, आणि महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस विभाग त्यांनीं तडीस नेले. यांतील कोणती गोष्ट आधीं? मीं लिहिलें: "श्रीधर व्यंकटेश केतकर (२ फेब्रुवारी १८८४ – १० एप्रिल १९३७) हे महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे संपादक, समाजशास्त्रज्ञ व कादंबरीकार होते." ज्या कामावांचून त्यांची नोंद करावयाची गरज पडली नसती, तें काम आधीं. पदव्या दुसऱ्या वाक्यांत. कोणी म्हणेल, कादंबऱ्यांतील त्यांचे विचार ज्ञानकोशाहून धीट आहेत. असतील, तो लेख निराळा.

काळ हाही या वाक्याचा एक शत्रु आहे. "पालघर हा ठाणे जिल्ह्यांतील तालुका आहे" हें वाक्य ३१ जुलै २०१४ च्या रात्रीपर्यंत खरें होतें. दुसऱ्या दिवशीं पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. हें कोणाच्याच हातचें नव्हतें. परंतु "सध्यां", "अलीकडे", "आजकाल" हे शब्द आपण होऊन नोंदीला म्हातारपण आणतात, ते तरी टाळतां येतात. देवीच्या रोगाची नोंद लिहितांना मी बराच वेळ अडलों. देवी हा रोग "आहे" म्हणावें कीं "होता" म्हणावें? नैसर्गिक रीत्या झालेला देवीचा शेवटचा रोगी १९७७ सालीं सोमालियांत आढळला आणि १९८० सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें रोगाचें उच्चाटन झाल्याचें जाहीर केलें. तरी त्याचा विषाणु दोन प्रयोगशाळांत जपून ठेवलेला आहे. "होता" म्हणावें तर विषाणु आहे. "आहे" म्हणावें तर आजच्या आईच्या काळजाचा ठोका चुकावयाचा. अखेर "विषाणूमुळें होणारा व १९८० सालीं जगांतून उच्चाटन झाल्याचें जाहीर झालेला सांसर्गिक रोग" असें लिहून "आहे" आणि "होता" दोहोंसही रजा दिली. आमच्या बोलींत देवी म्हणजे देवताही. तेव्हां "रोग" हा शब्द तेथें पाहिजेच होता.

हें सर्व एका वाक्याकरितां करावें काय, असें आपणांपैकीं कोणी मनांत म्हणत असेल. पूर्वीं मीही म्हटलें असतें. केतकरांच्या काळीं जाडजूड विभाग मांडीवर घेऊन बसणारा वाचक पानभर तरी वाचीत असेल. आतां घरोघरीं हातांत यंत्र आहे. त्याला विचारलें असतां तें कोठल्या तरी कोशांतून, पुष्कळदां २००३ सालीं सुरू झालेल्या मराठी विकिपीडियांतून, आरंभाचीं एक-दोन वाक्यें काढून दाखवितें किंवा वाचूनही दाखवितें. आणि विचारणारा तेवढ्यावर उठून जातो. त्या कोशांत लिहिणारे पंडित असतातच असें नाहीं; माझ्यासारखे मास्तर असतात, कॉलेजांतील मुलेंमुली असतात. म्हणजे हें वाक्य लिहिण्याची पाळी आपणांपैकीं कोणावरही येऊं शकते.

आतां घटसर्पाकडे वळतों. चौथ्या दिवशीं माझें वाक्य असें झालें होतें: "मनुष्यांतील घटसर्प, म्हणजे डिप्थेरिया, हा मुख्यतः लहान मुलांच्या घशांत करडा पडदा धरून श्वास कोंडणारा, जंतुजन्य व लसीनें टाळतां येणारा सांसर्गिक रोग आहे." तीन विशेषणांचा माझा नियम येथें मोडला, हें मी कबूल करतों, परंतु त्यांतील कोणतें गाळावें हें मला ठरवितां येईना. जंतूचें लांबलचक नांव मात्र प्रयत्नपूर्वक तिसऱ्या वाक्यांत नेलें, कारण तें वाचतांना वाचक अडखळतो आणि पुढचें महत्त्वाचें निसटतें. त्या जंतूचें विष हृदयावर व मज्जातंतूंवर परिणाम करतें, हेंही तेथेंच सांगितलें. "जनावरांतील घटसर्प" अशी निराळी नोंद घातली.

मसुदा पुन्हा वाचनालयांत ठेवला आणि गवळ्याची वाट पाहत बसलों. त्यानें तो सावकाश, ओठ हलवीत वाचला.

"हां," तो म्हणाला, "ह्यो लेकराचा." मला परीक्षा उत्तीर्ण झाल्याचा आनंद झाला, पण तो कागद खालीं ठेवीना. "पर गुरुजी, कवा टोचायचं त्ये कुठं हाय?"

तें अकराव्या ओळींत होतें. तेथें त्याची नजर पोंचली नव्हती. राष्ट्रीय लसीकरणांत घटसर्पाची लस बालकाला सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यांत इतर रोगांच्या लसींबरोबर देतात. पुढें दीड-दोन वर्षांच्या सुमारास आणि पांच-सहा वर्षांचें झाल्यावर पुन्हा देतात. तें सर्व मीं त्याच्यासमोर अकराव्या ओळींतून खोडून दुसऱ्या वाक्याच्या जागीं लिहिलें. खाडाखोड झाली, समासांत बाण काढावे लागले. त्यानें तो कागद घडी करून खिशांत घातला आणि सुनेला दाखवितों म्हणून निघून गेला. तो परत आला नाहीं, म्हणजे कागद. नोंद मला वाचनालयाकरितां पुन्हा लिहून काढावी लागली.